शिवेवरचा ओढा आणि चार स्थानिक संस्था: सातारा जिल्ह्यातील संयुक्त काठपट्टा नियोजनाचे एक प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यातील एका ओढ्याचे आणि त्याच्या काठपट्ट्याचे, म्हणजे काठालगत राखलेल्या झाडे-गवताच्या पट्ट्याचे आहे. डोंगरातून निघून तीन ग्रामपंचायती आणि एक नगरपंचायत यांच्या हद्दीतून सुमारे अकरा किलोमीटर वाहत हा ओढा पुढे एका लहान नदीला मिळतो. गावांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. प्रवाहाच्या क्रमाने या चार संस्थांना येथे पायथ्याचे गाव, मधले गाव, नगरपंचायत आणि खालचे गाव असे म्हटले आहे.

पार्श्वभूमी

पावसाच्या बाबतीत सातारा हा एक जिल्हा नाहीच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटावच्या बाजूला, तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. अशा पट्ट्यातला ओढा वर्षातले बरेच महिने कोरडा असतो. त्यामुळे तो कोणाला वाट वाटतो, कोणाला उकिरडा, कोणाला मुरूम काढण्याची जागा, आणि ज्याचे रान काठाला आहे त्याला दर दोन-तीन वर्षांनी एक-दोन सरी पुढे सरकण्याची सोय.

या भागाला पाणलोटाचे काम नवीन नव्हते. डिसेंबर 2014 मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. 2016 साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुका होता आणि पहिला क्रमांक तिथल्याच वेळू गावाने मिळवला. त्या वातावरणात आजूबाजूच्या गावांनीही श्रमदान केले. आपल्या प्रकरणातील पायथ्याच्या गावाने डोंगरउतारावर सलग समतल चर आणि ओघळींत अनघड दगडी बांध घातले. मधल्या गावाने मात्र सोपी वाट धरली आणि पोकलेन लावून ओढा खोल आणि रुंद करून घेतला. निघालेला गाळ आणि मुरूम दोन्ही काठांवर ढीग करून ठेवला गेला. पहिल्या वर्षी त्या खड्ड्यांत पाणी साठलेले पाहून सगळ्यांना समाधान वाटले आणि छायाचित्रेही निघाली. पण पुढच्या दोन पावसाळ्यांत काठावरचे ढीग पुन्हा ओढ्यात उतरले.

ऑक्टोबर 2020 मध्ये सोलापूर, सांगली आणि साताऱ्याच्या पूर्व भागात परतीच्या पावसाने जो धुमाकूळ घातला, त्यात या ओढ्यालाही मोठा लोंढा आला. नगरपंचायतीच्या हद्दीत आठवडे बाजाराच्या मैदानात आणि त्यामागच्या दोन गल्ल्यांत पाणी शिरले. खालच्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिच्यात शहरातले गटाराचे पाणी आणि कचरा गेला आणि गावाला कित्येक दिवस टँकरवर काढावे लागले. प्रकरणाची खरी सुरुवात या टँकरपासून झाली.

अडचण नेमकी काय होती

चार संस्थांच्या चार तक्रारी होत्या आणि प्रत्येकीचे बोट दुसरीकडे होते. खालच्या गावाचा राग शहरावर होता: गटार आमच्याकडे सोडता आणि कचऱ्याचा डेपोही नेमका शिवेवर, ओढ्याच्या काठावर करता. शहराचे म्हणणे असे की वरून येणारा गाळ आणि उसाचे पाचट यांनी पुलाखालची वाट तुंबते. मधल्या गावाला वाटे की शहरातल्या बांधकामांनी ओढा आवळला म्हणून पाणी मागे फुगून त्यांच्या आल्याच्या गादीवाफ्यांत शिरते. पायथ्याच्या गावाची तक्रार अशी की त्यांनी चराईबंदी पाळायची, डोंगर राखायचा आणि त्याचा फायदा मात्र खालच्यांनी घ्यायचा.

चारही तक्रारी खऱ्या होत्या. मधले गाव आणि शहर हे दोघे एकाच वेळी कोणाच्या तरी वरच्या बाजूला आणि कोणाच्या तरी खालच्या बाजूला होते. म्हणजे त्या दोघांकडे मागण्यासारखे काही होते आणि देण्यासारखेही. खालच्या गावाला फक्त मागायचे होते. पायथ्याच्या गावाला मात्र फक्त द्यायचेच होते. पुढे वाटाघाटी ज्या ज्या वेळी अडल्या, त्या बहुतेक वेळा या एका असमतोलावर अडल्या.

मधल्या गावाच्या आणि शहराच्या हद्दीवरचा एक ओलांडा जवळून पाहण्यासारखा होता, कारण सगळा घोळ तिथे डोळ्यांना दिसत असे. ऊसवाहतुकीसाठी तिथे सिमेंटच्या तीन नळ्या टाकून वरून मुरमाचा भराव केलेला होता. प्रत्येक नळीचा व्यास साधारण 600 मिलिमीटर, म्हणजे तिन्ही मिळून पाण्याला जाण्यासाठी एक चौरस मीटरही जागा नाही. त्याच्या लगेच वर ओढ्याचे पात्र चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल होते, म्हणजे सहा चौरस मीटर. सहाचे पाणी एकात घालायचे, त्यातही एक नळी पाचट, ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी कायमची बुजलेली. लोंढा आला की पाणी भरावाला टेकून दोन्ही बाजूंच्या रानांत पसरत असे आणि शेवटी भराव फोडून एकदम शहराकडे धावत असे. बाजारात शिरलेले पाणी पावसाचे होते हे खरे, पण त्याची धडक या भरावाने तयार केलेली होती.

दुसरी अडचण मालकीची होती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 20 प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रे खासगी मालकीची नसतील तिथे ती शासनाची असतात. म्हणजे ओढा ग्रामपंचायतीचा नाही आणि नगरपंचायतीचाही नाही. त्यावरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार महसूल यंत्रणेकडे. त्यातही काही गटांत ओढ्याचे क्षेत्र खातेदाराच्या सातबाऱ्यावरच पोटखराबा वर्ग 'ब', म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेले, लागवडीत न धरलेले क्षेत्र म्हणून दाखवलेले होते, तर काही ठिकाणी गावनकाशावर ओढा स्वतंत्र, कोणत्याच गटात न धरलेला. मधले गाव आणि शहर यांच्यात ओढा हीच शिव होती. दोन्हीकडचे नकाशे शेजारी ठेवले असता शिव जुळत नव्हती. एका नकाशात ओढ्याला जे वळण होते, ते दुसऱ्यात नव्हतेच.

विचारात घेतलेले पर्याय

जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकांनंतर तिन्ही गावांत नवे सदस्य आले. खालच्या गावच्या सरपंचबाईंनी पंचायत समितीकडे अर्ज करून गटविकास अधिकाऱ्यांच्या दालनात चौघांची बैठक लावून घेतली. त्या आणि पुढच्या काही बैठकांत चार पर्याय मांडले गेले.

पहिला अर्थातच पुन्हा खोलीकरणाचा. एका कारखान्याने सामाजिक निधीतून यंत्र देण्याची तयारी दाखवली होती. डिझेल तेवढे लोकवर्गणीतून. काम दिसते, लवकर होते आणि कोणाच्या रानाला हात लागत नाही, त्यामुळे मधल्या गावाचा कल याकडेच होता. विरोधाचा मुद्दा एका निवृत्त भूवैज्ञानिकांनी मांडला. या भागातला खडक बेसाल्ट. वर माती, खाली मुरूम आणि मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. उथळ विहिरींचे पाणी असते ते या मधल्या झिजलेल्या थरात. ओढ्याचा तळ त्या थराच्या खाली नेला की ओढ्यात पाणी मुरण्याऐवजी काठावरच्या विहिरींचे पाणी ओढ्यात पाझरून वाहून जाते. मधल्या गावातल्या ज्या दोन विहिरी पूर्वी मार्चपर्यंत तग धरत, त्या खोलीकरणानंतर फेब्रुवारीतच तळाला गेल्याचे त्या विहिरींच्या मालकांनी स्वतःच सांगितले आणि त्या माहितीपुढे यंत्राचा आग्रह बराच ओसरला.

दुसरा पर्याय दोन्ही काठांना सरसकट 30 मीटरचा संरक्षित पट्टा आखण्याचा होता. कागदावर तो सर्वांत देखणा होता. परंतु गुंठ्यांत हिशोब मांडताच तो कोसळला. शंभर मीटर काठाला 30 मीटरचा पट्टा म्हणजे तीन हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास तीस गुंठे, पाऊण एकर. ज्याचे एकूण रानच दोन एकर आणि तेही ओढ्याला लांबीने लागून, त्याच्याकडून पाऊण एकर मागायचे, तेही मोबदल्याशिवाय. सहा मीटरचा पट्टा धरला तर तेच सहा गुंठ्यांवर येते. या साध्या आकडेमोडीने चर्चेचा रोख बदलला. पट्टा किती रुंद असावा हा प्रश्न मागे पडून कोणत्या टप्प्यात कोण किती सोडू शकेल हा पुढे आला.

तिसरा पर्याय अतिक्रमणांच्या नोटिसांचा. सार्वजनिक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात दिलेला निर्णय आणि त्यानंतर 12 जुलै 2011 चा राज्याचा शासन निर्णय यांचा आधार घेऊन तहसीलदारांकडून कारवाई करून घ्यावी, असे नगरपंचायतीतील काहींचे मत होते. कायदा बाजूने होता. पण हद्दच निश्चित नसताना नोटीस काढली, तर प्रत्येक नोटिशीचा दावा होणार आणि ओढा दिवाणी न्यायालयात वाहू लागणार, हे सांगायला वकिलाची गरज नव्हती.

चौथा पर्याय टप्प्याटप्प्याने, संमतीवर आधारलेल्या काठपट्ट्याचा आणि त्यासाठी चौघांच्या एकत्रित आराखड्याचा. हा वेळखाऊ होता आणि त्याचे श्रेय कोणा एकाला मिळणार नव्हते. अखेर स्वीकारला गेला तो हाच, काही अंशी इतर तिन्ही पर्याय अडल्यामुळे.

निर्णय पहिला: संस्था कोणती

स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमण्याची वाट कायद्यात आहे आणि ती धरावी असा गटविकास अधिकाऱ्यांचा आग्रह होता. ग्रामपंचायतींना त्यात धोका दिसला: समितीत नगरपंचायतीचे वजन आपोआप जास्त पडेल आणि आपल्या रानांचे निर्णय शहरात होतील. म्हणून मधला मार्ग निघाला. चौघांनी शब्दशः एकसारखा ठराव करायचा, प्रत्येकाने आपल्या सभेत तो मंजूर करायचा आणि समन्वयासाठी प्रत्येकी दोन प्रतिनिधी, दोन ग्रामसेवक, संबंधित तलाठी आणि नगरपंचायतीचा अभियंता अशी एक बैठक दर तिमाहीला घ्यायची. या बैठकीला निर्णयाचा अधिकार नाही, फक्त शिफारशीचा.

ठरावात एक कलम असे होते की ओढ्यात किंवा काठपट्ट्यात खोदकाम, भराव, मोरी, पूल अथवा पात्र वळवण्याचे कोणतेही काम करण्यापूर्वी लगतच्या वरच्या आणि खालच्या संस्थेला लेखी कळवायचे आणि तीस दिवस हरकतीची वाट पाहायची. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण आराखड्यातील सर्वांत कामाचा मजकूर हाच. वृक्षारोपण आणि बंधाऱ्यांची पाने त्यामानाने पुष्कळ होती, पण ती कुठल्याही आराखड्यात सापडतात.

ठराव होणे मात्र सोपे गेले नाही. 2021 मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे ग्रामसभा लांबल्या. पुढे पायथ्याच्या गावात पहिली ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी तेवढे लोक आले नव्हते. तहकूब सभेत गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे तिथे ठराव उरकून घेता आला असता. सरपंचांनी तसे केले नाही. दहा-पंधरा माणसांत घेतलेला ठराव रानातल्या पट्ट्याला बांधू शकत नाही, असे म्हणून त्यांनी विषय पुढच्या पूर्ण सभेपर्यंत नेला. उशीर झाला, पण पुढे त्या गावातून एकही हरकत आली नाही.

त्याच सभेत काठाला रान असलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न कार्यवृत्तात जसाच्या तसा आला आहे: "भाऊसाहेब, पट्टा सोडायला आमची ना न्हाई. पर आमी सोडायचा आन् खाली गावानं उकिरडा टाकायचा, ह्ये कसं चालायचं?" सभेने त्यावर एक उपसूचना मांडली. नगरपंचायतीने काठावरचा कचरा डेपो हलवल्याशिवाय वरच्या गावांचे पट्टे अमलात येणार नाहीत. शहराच्या निवडणुका डिसेंबर 2021 च्या तोंडावर होत्या आणि डेपो कोणत्या प्रभागात न्यायचा हा तिथला नाजूक विषय होता. नव्या सभागृहाने 2022 मध्ये ती अट मान्य केली आणि मगच चारही ठराव पुरे झाले.

निर्णय दुसरा: आधी मोजणी

भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द निश्चितीसाठी अर्ज करायचा, तर मोजणी फी कोणी भरायची यावर दोन बैठका गेल्या. शेवटी शिवेवरच्या टप्प्याची फी नगरपंचायतीने आणि उरलेल्याची तिन्ही ग्रामपंचायतींनी लांबीच्या प्रमाणात भरली. मोजणीच्या आधी तलाठ्यांनी काठाच्या प्रत्येक खातेदाराच्या सातबाऱ्यावरचा पोटखराबा वेगळा काढून एक तक्ता केला. तो तक्ता चावडीवर लावला, तेव्हा बऱ्याच जणांना आपल्या नावावरच्या क्षेत्रात ओढ्याचा भाग आहे हे पहिल्यांदाच कळले. वर्ग 'अ' चा, म्हणजे जमीन खराब म्हणून लागवडीत न धरलेला पोटखराबा लागवडीखाली आणून त्यावर आकारणी करून घेण्याची मुभा 2018 पासून आहे. वर्ग 'ब' ला ती नाही. काही शेतकऱ्यांनी दोन्ही एकच समजून ओढ्याचा भाग नांगरला होता. हा गैरसमज होता, लबाडी नव्हती, आणि तसा तो जाहीरपणे मांडला गेल्याने मागे सरकणे त्यांना सोपे झाले.

मोजणीनंतर मोजणी नकाशाच्या 'क' प्रती हातात आल्या आणि हद्दीचे दगड बसले. जिथे शिव जुळत नव्हती, तिथे दोन्ही संस्थांनी प्रत्यक्ष पात्राचा मध्य तात्पुरती नियोजन-रेषा म्हणून मान्य केला. महसुली हद्दीचा वाद खुलाच ठेवला. वाद सोडवल्याशिवाय पुढे जायचे नाही असे म्हटले असते, तर आजही सर्वजण तिथेच उभे असते.

निर्णय तिसरा: पट्टा कसा आणि कोणाचा

पट्ट्याचे तीन प्रकार ठरले. डोंगरपायथ्याला, जिथे काठ गायरानाचा आहे, तिथे पंधरा मीटरपर्यंत. शेतीच्या टप्प्यात खातेदाराच्या संमतीने तीन ते सहा मीटर. शहरात जिथे घरे आधीच काठाला आली आहेत, तिथे फक्त पात्र मोकळे ठेवणे आणि यापुढच्या बांधकाम परवानगीत काठापासूनचे नियमातले अंतर काटेकोरपणे पाहणे. मोठ्या नद्यांना 25 वर्षांच्या पुराची निळी आणि 100 वर्षांच्या पुराची लाल रेषा आखलेली असते. अशा ओढ्याला ती नसते. म्हणून ऑक्टोबर 2020 मध्ये पाणी कुठवर आले होते, त्याच्या खुणा जुन्या घरांच्या भिंतींवरून आणि रहिवाशांना विचारून नकाशावर उतरवल्या गेल्या. शास्त्रीय पूररेषेची जागा त्या घेत नाहीत, पण परवानगी देणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर काहीच नसण्यापेक्षा त्या बऱ्या.

शेतीच्या टप्प्यात झाडे कोणती लावायची यावर अनपेक्षित विरोध झाला. करंज, जांभूळ, उंबर, निरगुडी, वाळुंज अशी यादी तयार होती. शेतकऱ्यांचा प्रश्न सावलीचा नव्हताच. आज लावलेले झाड उद्या तोडायला परवानगी मागत फिरावे लागेल, ही भीती होती. खासगी जमिनीवरच्या ठराविक जातींची झाडे तोडण्यावर राज्यात 1964 च्या कायद्याने नियंत्रण आहे, त्यामुळे ती भीती निराधार म्हणता येत नाही. मग खासगी काठावर बांबू आणि वैरणीचे गवत, आणि सरकारी पात्रालगत व गायरानात देशी झाडे, अशी विभागणी झाली. 2017 मध्ये वनाबाहेरील बांबूला वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून वगळल्यामुळे तो तोडणे-विकणे सुलभ झाले आहे, ही माहिती कृषी सहायकाने दिली आणि संमतीपत्रे येऊ लागली. लागवड आणि पहिल्या तीन वर्षांची जोपासना जिथे बसली तिथे रोजगार हमीतून झाली.

पायथ्याच्या गावाचा असमतोल भरून निघाला तो पैशाने नव्हे. त्यांनी मागितली पाणंद. डोंगराकडच्या रानांना जायला ओढ्याच्या पात्रातूनच गाडीवाट होती आणि पावसाळ्यात ती बंद असे. एका काठाला पाणंद रस्ता आणि दुसऱ्या काठाला रुंद पट्टा, अशी मांडणी केल्यावर पात्र रहदारीतून सुटले आणि गावाला बारमाही वाट मिळाली. पाणंदीच्या प्रस्तावाला इतर तिन्ही संस्थांनी पाठिंब्याची पत्रे दिली. काठाचा एक भाग रस्त्याखाली गेला हे खरे आहे, आणि निव्वळ पर्यावरणाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ते खटकेल. पण ही देवघेव झाली नसती तर वरचा तीन किलोमीटरचा टप्पा आराखड्यात आलाच नसता.

पैसा

याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत खर्च केला. नगरपंचायतीने हद्दीबाहेर खर्च करायचा म्हटले की वरच्या मंजुरीचा विषय निघतो, म्हणून तो नाद सोडला गेला. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतींना मिळालेल्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे ठराविक कामांसाठीच वापरायचा असे, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. मधल्या गावाने त्यातल्या स्वच्छतेच्या भागातून ओढ्याकडे जाणाऱ्या गटारांच्या तोंडाशी शोषखड्डे आणि एक स्थिरीकरण तळे केले. खालच्या गावाने पाण्याच्या भागातून विहिरीचा कठडा उंच करून घेतला. नळ्यांच्या मोरीच्या जागी फरशी पूल बांधायचे काम मात्र जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागामार्फत झाले आणि त्याला सर्वांत जास्त वेळ लागला.

निष्पत्ती

आज पायथ्याचा टप्पा पूर्ण आहे. शेतीच्या टप्प्यात संमती दिलेल्यांची संख्या अधिक असली, तरी संमती न दिलेली रानेही मध्ये मध्ये आहेत, त्यामुळे पट्टा तुटक झाला आहे. कचरा डेपो हलला. जुन्या ढिगाचे तळाचे थर मात्र अजून काठालाच आहेत आणि मोठ्या पावसात त्यातले प्लॅस्टिक खाली जाते. शहराच्या सांडपाण्याचा प्रश्न सुटलेला नाही, कारण भुयारी गटार योजनेशिवाय तो सुटणारा नाही, आणि खालच्या गावाची नाराजी त्या मर्यादेपर्यंत कायम आहे.

2023 चे वर्ष अपुऱ्या पावसाचे गेले आणि नव्या रोपांपैकी बरीच त्या उन्हाळ्यात वाळली. बांबू मात्र तगला. मे 2025 च्या अखेरीस फलटण-माण भागात जो अवकाळी मुसळधार पाऊस झाला, त्याचा फटका या ओढ्यालाही बसला. फरशी पुलावरून पाणी वाहिले, वाहतूक काही तास थांबली, आणि पाणी ओसरल्यावर पूल जागेवर होता. बाजाराच्या मैदानात पाणी आले, गल्ल्यांत आले नाही. विहिरींची पातळी वाढल्याचे मधल्या गावातले लोक सांगतात. 2024 चा पाऊस चांगला झाला होता, त्यामुळे ती वाढ काठपट्ट्याच्या खात्यावर लिहिणे घाईचे होईल.

हरकतीच्या कलमाची परीक्षा एकदा झाली. मधल्या गावात एका नव्या मोरीचे काम नळ्या टाकून उरकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नगरपंचायतीने मुदतीत लेखी हरकत घेतली, तिमाही बैठकीत आडव्या छेदाचे माप काढले गेले आणि नळ्यांऐवजी चौकोनी मोरी झाली. त्यापूर्वी असे काम झालेले शहराला पूर आल्यावर कळत असे.

वेगळे काय करता आले असते

पहिली बाब मेंढपाळांची. या भागात धनगरांचे कळप दरवर्षी ठरलेल्या वाटेने येतात आणि ओढ्याकाठी त्यांचा मुक्काम पडतो. ते यांपैकी कोणत्याही गावच्या मतदार यादीत नाहीत, त्यामुळे एकाही ग्रामसभेत त्यांचा आवाज नव्हता. पायथ्याच्या गायरानात काटेरी कुंपण झाल्यावर पाण्यावर उतरायची जुनी वाट बंद झाली. पहिल्याच हंगामात कुंपण तुटले, भांडण झाले आणि मग दोन ठिकाणी कळप उतरण्यासाठी जागा मोकळ्या ठेवल्या गेल्या. नियोजनाच्या नकाशावर जशा विहिरी आणि गटारांची तोंडे दाखवली, तशी ही उतरण आधी दाखवली असती, तर कुंपणाचा खर्च आणि भांडण दोन्ही टळले असते. दशक्रियेची जागा आणि कपडे धुण्याचा घाट यांच्याबाबत ही काळजी आधीच घेतली गेली होती, कारण त्यांचे वापरकर्ते सभेत बसलेले होते.

दुसरी बाब संमतीपत्रांच्या टिकाऊपणाची. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद घालण्याची सूचना आली होती. सोसायटीचे कर्ज अडेल या धास्तीने ती शेतकऱ्यांनी फेटाळली आणि समन्वय बैठकीने ताणून धरले नाही. परिणामी संमती ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि नकाशावरच राहिली. शहरालगतच्या दोन गटांची विक्री झाली, तेव्हा नव्या मालकांनी पट्ट्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले आणि त्यांच्यावर बंधन घालणारे कोणाकडे काहीच नव्हते. सर्व गटांवर नाही, तरी विक्रीची शक्यता दिसत असलेल्या शहरालगतच्या टप्प्यात नगरपंचायतीने मालमत्ता करात काही सूट देऊन नोंदणीकृत करार करून घेण्याचा पर्याय तरी तपासायला हवा होता. शेतीच्या टप्प्याला जो उपाय पुरेसा होता, तोच जमिनीचे भाव चढत असलेल्या टप्प्याला लावला गेला, आणि या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय कदाचित हाच.

तिसरी बाब मोजमापाची. काम सुरू होण्यापूर्वी काठावरच्या विहिरींच्या पातळ्यांची नोंद कोणीही ठेवली नव्हती. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. त्याच वेळापत्रकाने, शाळेतल्या मुलांकडून मोजपट्टी टाकून, आठ-दहा विहिरी मोजून ठेवणे काही रुपयांचे काम होते. 2022 पासून खालच्या गावात ते सुरू झाले आहे, इतर गावांत नाही.

ग्रामपंचायतींच्या मुदती संपत आल्यावर चारही संस्थांच्या ठरावांचे नूतनीकरण करायचे की जुना ठरावच चालू धरायचा, यावर तिमाही बैठकीत दोन मते पडली. पायथ्याच्या आणि खालच्या गावाला नव्या सदस्यांकडून पुन्हा मंजुरी घ्यावी असे वाटते. मधल्या गावाला ती जोखीम नको आहे, कारण पुन्हा मत घेतले तर हरकतीचे कलमच गळून पडेल, असा त्यांच्या ग्रामसेवकांचा अंदाज आहे. नगरपंचायतीने त्यावर विधी सल्लागाराचे मत मागवले आहे.